उलट्या जिझोचं लाळेरं

काझेहारा, ताम्बा
९ जून २०१५

प्रिय हिसानो,

पत्राच्या डोक्यावर ऋतूचं कौतुक लिहायचं असतं, मग तब्येतीची विचारपूस, मला ठाऊक आहे. तू लिहितेस आणि सुरेख लिहितेस. मला ते जमत नाही. इथे पाऊस लागलाय, कंबर दुखतेय, मी जिवंत आहे. झालं.

आता कामाचं. आपला किल्ला खोलतायत. किल्ला म्हणजे उरलंय काय त्याचं, वरचा चौथरा आणि दगडी भिंती. त्यातल्या उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय. आपल्याकडे भिंत फुगली की असंच म्हणतात, तुला आठवत असेल. आता ती कधी अंगावर येईल नेम नाही, म्हणून एकेक दगड उतरवतायत, त्याच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालतायत आणि खालच्या मैदानात मांडून ठेवतायत. थंडीच्या आत सगळं पुन्हा जसंच्या तसं रचणार आहेत म्हणे. म्हणजे तुझा जिझो बाहेर येणार.

गावात त्यावरून रणधुमाळी चालू आहे. भटजीबुवा म्हणतात, चारशे वर्षांपूर्वी दगड कमी पडले म्हणून त्या मेल्या किल्लेदाराने पोराबाळांचा राखणदार देव डोकं खाली, पाय वर करून भिंतीत कोंबला, आता तरी त्याला सरळ बसवा. कचेरीतले लोक म्हणतात, नाही, नियम म्हणजे नियम, जो दगड जसा होता तसाच जाणार. आणि पायथ्याचा तो लाडूवाला, उलट्या जिझोच्या नावाने डाळीचे लाडू विकतो ना, तो तर सभेत उभा राहून रडवेला झाला. देव सरळ झाला तर माझे लाडू कोण घेणार, म्हणतो. मी म्हटलं, तू उलटा उभा राहा, गिऱ्हाईक येईल.

तुझं मागच्या वर्षीचं लाळेरं सोडून घरी आणलंय. लाल होतं, उन्हापावसाने गुलाबी पडलंय. इतकी वर्षं तू ओतारूहून शिवून पाठवतेस आणि मी फटीत हात घालून जिझोच्या गळ्यात बांधते. बाकीच्या बायका लाळेऱ्यांवर आपापल्या पोरांची नावं घालतात. तुझं नेहमी कोरं. पण उलट्या देवाच्या तोंडावर ते पडू नये म्हणून खालच्या टोकालाही दोन नाड्या लावायचं सुचलं ते एकट्या तुलाच.

माझा भाऊ इवाओ जाऊन तीन वर्षं झाली. आई तर कधीच गेली. तुला ह्या घरातून घालवणारं आता कोणी उरलं नाही. उरले मी, आणि मी तुला घालवलं नव्हतं. येतेस का?

तुझी,
तोकिए

•

ओतारू
२१ जून

वन्सं,

नमस्कार. इथे अजून सकाळी स्वेटर लागतो. बंदरावर धुकं असतं, आणि ते उठेपर्यंत माशांचा बाजारही आळसावलेला असतो. (लिहिलं ऋतूचं. आता रागवा.)

तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचलं, पत्र उपडं ठेवलं आणि तांदूळ धुवायला उठले. तांदूळ तिसऱ्यांदा धुतले तेव्हा लक्षात आलं की मी एकटीच जेवणारी.

येणं होणार नाही, वन्सं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे लोकांना सांगायचं कारण. खरं तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंनी माझी ट्रंक अंगणात आणून ठेवली त्या दिवशी मी स्टेशनात उभं राहून ठरवलं, ह्या फलाटाला पुन्हा पाय लावायचा नाही. गाडी सुटेपर्यंत हे निरोपाला आले नाहीत. तुम्ही आलात. चेस्टनटचा भात बांधून आणलात आणि रागावल्यासारखा माझ्या हातात कोंबलात. नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिलेल्या तुम्ही, तुमचंच त्या घरात काय चालत होतं? तरी आलात. तो भात मी माइझुरूच्या बंदरापर्यंत उघडला नाही.

पण एक मागते.

माझं बाळ मला दाखवलं नाही. डोळे उघडले तेव्हा अंगावर दोन रजया होत्या आणि खोली झाडून पुसून स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या, झालं गेलं, आता विचारायचं नाही. मुलगा की मुलगी, तेही नाही. मेलेलं मूल पाहिलं की ते आईला सोडत नाही, दुसऱ्याची वाट अडवून बसतं, असं तेव्हा म्हणायचे. मी पाहिलं नाही, तरी दुसरं आलं नाहीच. तीन वर्षं वाट पाहिली आणि मला परत पाठवलं.

ना थडगं, ना नाव. कुठे जाऊन बसू? म्हणून किल्ल्यावर जायला लागले. फटीत हात घातला की बोटं जिझोच्या गळ्याला लागायची. डोकं त्याच्या खाली, तिथवर हात पोचायचा नाही आणि तोंड आतल्या अंधाराकडे. मला वाटायचं, बरोबर आहे, ह्याचंही तोंड मला दाखवत नाहीत.

त्या दिवशी तुम्ही खोलीत होतात की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. सासूबाईंनी तुम्हाला शपथ घातली असेल तर ती मोडायला लावणारी मी कोण. फक्त जिझो बाहेर आला की त्याचं तोंड बघा आणि मला लिहा. जसं असेल तसं. दुसरं काही नको.

तुमची,
हिसानो

•

काझेहारा
१२ जुलै

प्रिय हिसानो,

उशीर झाला. कंबर धरली होती.

जिझो मागच्या आठवड्यात बाहेर आला. पट्टे लावून क्रेनने उचलला. मी सकाळपासून छत्री घेऊन बसले होते. मुकादम म्हणाला, "आजी, घरी जा, भिजाल." मी म्हटलं, "बाबा रे, मी भिजून वाढणारही नाही आणि विरघळणारही नाही, तू आपलं काम कर." मैदानात बाकीच्या दगडांच्या शेजारी तूर्त पायांवर उभा केलाय. चारशे वर्षांनी पहिल्यांदा.

आता ऐक. तू विचारलंस ते.

तोंड लहान आहे, माझ्या मुठीएवढं. डोळे मिटलेले, पण दुखून मिटावेत तसे नाहीत, दूध पिता पिता झोप लागावी तसे. पापण्या जराशा सुजलेल्या. नाक म्हणजे नुसती चिमूट. वरचा ओठ मध्येच थोडा उचललेला, आता काहीतरी मागेल असा. डाव्या कानाच्या पाळीला बारीकशी खाच आहे. कपाळावर जावळ ओलं होऊन चिकटलंय. गालांना हात लावला. गार आहेत, पण मऊ वाटतात.

गोड आहे गं. फार गोड आहे.

ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तोकिए

•

ओतारू
१९ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तुम्ही हसाल. आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग देवापुढे ठेवून. शेजारची किमियो डबा द्यायला आली तर मला बघून म्हणाली, "काय हो, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, तसंच समज.

जिझोला जावळ? वन्सं, चष्मा बदला! तो तर मुंडण केलेला भिक्षू. पावसाने शेवाळ ओलं झालं असेल ते तुम्हाला जावळ वाटलं. पण मला आवडलं. असू दे जावळ. आणि कानाची खाच! माझ्या डाव्या कानाला तशीच आहे, विसरलात का? लग्नात मला नटवताना तुम्हीच म्हणाला होतात, "उंदराने कुरतडलेली नवरी आणली आमच्या इवाओने." म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा देव माझ्यावर गेलाय म्हणायचा. काल आरशापुढे उभी राहून स्वतःचा कान चाचपत बसले होते. सत्तरीच्या बाईने करायचे धंदे का हे?

वन्सं, मी येते.

स्टेशनात काय ठरवलं होतं ते गेलं खड्ड्यात. ज्यांच्यावर रागावले होते ते सगळे वर गेले, आणि मी इथे एकटी राग सांभाळत बसलेय. भिंत परत रचली की तो पुन्हा अंधारात तोंड करून जाणार. त्याआधी एकदा मला ते तोंड बघायचंय. बोट इथून सुटते ती सरळ माइझुरूला लागते, तिथून गाडी. चोवीस ऑगस्टला जिझोचा सण, त्या दिवसाला पोचते. ह्या वर्षीचं लाळेरं माझ्या हाताने बांधीन. तुमच्यासाठी इकडच्या समुद्रातला वाळवलेला शेवाळाचा कोम्बू आणते, जाड, तुम्हाला आवडतो तसा. मला एका कोपऱ्यात अंथरूण घाला, बास. रात्रभर बोलू.

आनंदाने वेडी झालेली,
हिसानो

•

काझेहारा
२७ जुलै

प्रिय हिसानो,

येऊ नकोस.

म्हणजे असं की, आत्ता येऊ नकोस. ऊन मी म्हणतंय. मैदानात सावली नाही, दगडांच्या बेचक्यांत साप निघतात, परवाच एका मजुराच्या बुटात निघाला. तुझा गुडघा नवा, त्याला इकडच्या उतरणी झेपायच्या नाहीत. माझ्या घरालाही वरून गळती लागलीय, माजघरात पातेली ठेवलीयेत, तुला कुठे निजवू? आणि दगडांवर आता ताडपत्री घातलीय, म्हणे बाहेरच्या माणसांना जवळ सोडत नाहीत.

तोंडाचं मी तुला लिहिलंच आहे. अगदी बारकाईने लिहिलंय. त्यात पाहण्यासारखं आणखी काही नाही. मनात आहे तसं राहू दे. मनातलं बरं असतं.

लाळेरं टपालाने पाठव. मी बांधते.

तोकिए

•

ओतारू
५ ऑगस्ट

वन्सं,

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. साप, ऊन, गळती, ताडपत्री! एवढी कारणं एका पत्रात मी आयुष्यात पाहिली नाहीत. जूनमध्ये "येतेस का" म्हणून कोणी विचारलं होतं? मी हो म्हटल्यावर घर गळायला लागलं?

मला कळलं. कळायला वेळ लागला, पण कळलं. बोलवायचं म्हणून बोलावलंत. घालवून दिलेली भावजय सणाच्या दिवशी दारात उभी राहिली तर गल्लीतल्या बायका काय म्हणतील, हे मागाहून सुचलं असेल. तुमचंही खरं. त्यांच्यातच राहायचंय तुम्हाला. सासूबाईंनी ट्रंक अंगणात ठेवली ती निदान दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर ठेवली.

मला वाटायचं, त्या गावात माझं एक माणूस आहे. इतकी वर्षं ह्या एका गोष्टीवर मी निवांत झोपायचे.

ह्या वर्षी लाळेरं पाठवत नाही. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा.

हिसानो

•

काझेहारा
१५ ऑगस्ट

हिसानो,

तसं नाही गं. तुझ्या गळ्याची शपथ, तसं नाही.

गल्लीतल्या बायका गेल्या चुलीत. मी आजवर कोणाला भ्याले ते आता त्यांना भ्यावं? कारण आहे, पण ते मला लिहिता येत नाही. चारदा लिहायला बसले आणि चारदा उठले. तुझा माझ्यावर कधी काही विश्वास असेल तर एवढं ऐक, येऊ नकोस. मला पाहिजे तेवढ्या शिव्या दे.

पितरांचे दिवस आहेत. आई आणि इवाओसाठी दिवे लावलेत. टपालवाल्याची वाट पाहते रोज. लाळेरं आलं नाही. ते जुनं गुलाबी पडलेलं धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. नाहीच आलं तर तेच बांधीन, पण देवाला उघडा ठेवणार नाही.

काहीतरी लिही. एक ओळ लिही.

तुझीच,
तोकिए

•

माइझुरू–ओतारू बोटीवरून
२५ ऑगस्ट

वन्सं,

मी येऊन गेले.

तुम्हाला न कळवता आले. रागाने आले, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, नाकावर टिच्चून जाईन, तोंड पाहीन आणि त्यांच्या दारावरून मान वर करून परत येईन.

शेवटी त्याच फलाटाला पाय लावला. ओळखणारं कोणी उरलेलंच नाही तिथे. मैदानात सणाची गर्दी होती. कंदील लावलेले, पोरं ओळीने बसून खाऊ घेत होती. ताडपत्री कुठेच नव्हती, वन्सं. सापही नव्हता. मला आणखीच राग आला. लेकुरवाळ्या बायकांच्या मागे रांगेत उभी राहिले. एका पोरीच्या कडेवरचं बाळ माझ्या खांद्यावर लाळ गाळत होतं. ती "माफ करा हं आजी" म्हणाली. मी म्हटलं, असू दे, माझ्याकडे लाळेरं आहे.

मग माझी पाळी आली.

चेहरा नाहीच त्याला.

जिथे तोंड असायला हवं तिथे सपाट दगड. नुसते छिन्नीचे घाव. मी हात फिरवला. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. मला वाटलं, मी चुकीच्या दगडापुढे उभी आहे. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "हाच जिझो, आजी. मागचा दगड नीट बसावा म्हणून किल्ला बांधणाऱ्यांनीच तोंड छिलून टाकलं असणार. आम्हालाही काढल्यावरच कळलं. गावातली एक आजी पावसात दिवसभर ह्याच्यासाठी बसून होती. तोंड पाहिलं आणि छत्री तिथेच टाकून निघाली. शेडच्या मागे जाऊन रडली बराच वेळ."

तरी मला पहिल्यांदा वाटलं ते ऐका. वाटलं, फसवलं मला. ह्या वयात मला खेळवलं. त्या पोरीला पुढे जाऊ देऊन मी बाजूला झाले, एका दगडावर बसले आणि पिशवीतून तुमचं पत्र काढलं. म्हटलं, बघू तर खरं, किती खोटं लिहिलंय.

दगडाला जावळ नसतं, वन्सं. दगडाच्या पापण्या सुजत नाहीत. त्याचे गाल गार असतील, मऊ नसतात. आणि माझ्या कानाची खाच त्या किल्लेदाराच्या पाथरवटाला कुठून माहीत असणार?

तुम्ही खोलीत होतात.

मी तिथे, त्या पोरांच्या गोंगाटात, मोठ्याने रडले. एका लहान मुलाने मला आपला खाऊ आणून दिला. घेतला. काय करणार.

मग उठले आणि लाळेरं बांधलं. तो सरळ उभा, त्यामुळे ते नीट छातीवर पडलं. खालच्या दोन नाड्यांना काही कामच नव्हतं, नुसत्या लोंबत होत्या. चेहरा नव्हता तरी मला दिसत होता. तुम्ही लिहिलात तोच.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते. तुम्ही कुंपणावर गादी वाळत घालत होतात आणि मांजरीला काहीतरी बोलत होतात. वाकून गेलात हो. हाक मारली नाही. हाक मारली असती तर तुमच्या गळ्यात पडून मी काय केलं असतं कोण जाणे. तुम्ही मला येऊ नको म्हणालात ते का, हे कळल्यावर समोर यायचा धीर झाला नाही. मागच्या पत्रात मी जे जे लिहिलं ते कुठल्या तोंडाने परत घेणार होते? तुम्ही आत गेल्यावर दबक्या पावलांनी फाटकापर्यंत आले आणि तशीच मागे फिरले. कोम्बूची पुडी फाटकाला अडकवलीय, पाहिली असेल.

आता विचारते. जूनमध्ये विचारलं नव्हतं, आता विचारते. मुलगा होता की मुलगी?

शपथेचं म्हणाल तर मी वर गेल्यावर सासूबाईंशी काय ते बोलून घेईन. तुमच्या अंगाला लागू देणार नाही.

हिसानो

•

काझेहारा
२९ ऑगस्ट

हिसानो,

मुलगी.

तुझं पत्र सकाळी आलं आणि मी लगेच लिहायला बसलेय, नाहीतर पुन्हा उठून जाईन. कोम्बूची पुडी दिसली तेव्हाच कळलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत धावले. ह्या कंबरेने धावले, हसू नकोस. तू गेली होतीस. गाढवे, हाक का नाही मारलीस? गळ्यात पडली असतीस तर पडली असतीस. मी पडले असते का मोडून?

आता सगळं सांगते, पुन्हा विचारू नकोस, पुन्हा मला सांगता येणार नाही.

दुपारची वेळ होती, बाहेर बर्फ पडत होतं. तुला शुद्ध नव्हती. सुईण म्हणाली, गेलेलीच आली. खोटी आशा नको म्हणून स्पष्ट लिहिते, ती रडली नाही, एकदाही नाही. सुईण आणि आई तुझ्याकडे बघत होत्या, तुझंच काही खरं दिसत नव्हतं. म्हणून तिला माझ्या हातात दिलं. मला स्वतःचं मूल नाही, तुला माहीत आहे. तेवढ्या वेळापुरती ती माझ्याकडे होती. मी कोमट पाण्याने तिचं अंग पुसलं. जे तुला लिहिलं ते सगळं तेव्हाचं. काहीच विसरले नव्हते. जिझोचं ते सपाट तोंड पाहिलं आणि मला वाटलं, हिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि मी काय लिहू, की तिथेही काही नाही? हात आपोआप लिहीत गेला. जावळ लिहून गेले तेही कळलं नाही. तू चष्म्यावरून थट्टा केलीस तेव्हा घाम फुटला.

आईने शपथ घातली होती, हो. तुझ्या पुढच्या मुलासाठी म्हणून घातली. आणि पुढचं मूल नाही म्हणून तू गेलीस, मग शपथ कशासाठी राहिली होती, हे मला आज कळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दोघींनी खाल्ला. दर नव्या वर्षाच्या कार्डावर तुला काय लिहिणार होते, काळे घेवडे पाठवले आहेत आणि तुझी मुलगी गोड होती?

इवाओने तिला नेलं. खोका अंगरख्याच्या आत धरला होता, वर बर्फ पडू नये म्हणून. देवळामागे पर्सिमनचं झाड आहे, त्याच्या खाली. तुला निरोप द्यायला तो स्टेशनात आला नाही, ते किल्ल्यावर जाऊन बसला होता म्हणून. तिथून रूळ दिसतात. माझा भाऊ भेकड होता, पण दगड नव्हता. एवढं त्याच्या बाजूने ऐकून घे.

आणि एक राहिलं.

आपल्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. तिला कुठला सातवा दिवस? आई मागे वळायच्या आत मी तिच्या त्या खाचेच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. बिननावाची कशी जाऊ द्यायची गं? ओसरीत तुझं शिवण तसंच पडलं होतं, अंगड्याची एक बाही जोडायची राहिलेली, सुईत धागा ओवलेला. त्या घाईत मला दुसरं काही सुचलं नाही. इतो म्हटलं मी तिला. धागा. बरं नसेल तर मला रागव, पण तिने ऐकलंय, आता बदलता येणार नाही.

आजपर्यंत हे नाव फक्त तिला आणि मला माहीत होतं. इवाओलाही नाही.

कचेरीवाल्यांचं ठरलं. थंडीच्या आत भिंत मिटणार आणि जिझो पुन्हा डोकं खाली करून आत जाणार. लाडूवाला खूश आहे. मला पूर्वी वाईट वाटायचं, आता नाही वाटत. त्याचं तोंड कसं आहे ते आपल्या दोघींना माहीत आहे.

ह्या वर्षीचं लाळेरं मी आत जाऊ देणार नाही, सोडून घरी आणीन. थंडीच्या आत दुसरं शिव आणि स्वतः घेऊन ये. माजघर गळत नाही, कधीच गळत नव्हतं. नाड्या चारच लाव. आणि ह्या वेळी कोरं आणू नकोस. नाव घाल.

तुझी,
तोकिए